बोर्डावरचं ‘सह’

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, फड दोन असतात. एक उसाचा आणि दुसरा तमाशाचा. दोन्हीकडची बोली पुष्कळ सारखी. ऊसतोड्याला मुकादम पावसाळ्यात उचल देतो. तमाशाचा मालकही ढोलकीवाल्याला, सोंगाड्याला, नाचणाऱ्या बाईला पावसाळ्यातच उचल देतो. दोन्ही फड दसरा-दिवाळीच्या सुमाराला घराबाहेर पडतात आणि उन्हाळ्यात घरी येतात. दोन्हीकडं माणसं उघड्यावर झोपतात, लेकरं झोळीत वाढतात, आणि उचल फिटली का नाही यावर पुढचं वर्ष ठरतं.

आणखी एक गोष्ट आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची, हे काम दोघांचं. पण मुकादमाच्या वहीत नाव बहुतेक वेळा गड्याचं. तमाशाच्या बोर्डावर निदान एक शब्द जास्तीचा रंगवलेला असतो, तो म्हणजे ‘सह’. अमुक सह अमुकबाई. बघणाऱ्याला वाटतं, मालक तो आणि बाई बरोबर गायला-नाचायला. पण कितीतरी फडांत त्या ‘सह’च्या पलीकडं जे नाव असतं, त्याच नावाच्या कमरेला गल्ल्याची किल्ली असते.

तमाशावर लिहिणाऱ्यांनी लावणी लिहिली, शाहीर लिहिले, ढोलकी लिहिली. त्यांनी केलं ते चांगलंच केलं. पण डिझेलचे पैसे कुणी दिले, ऐंशी-शंभर माणसांच्या दोन वेळच्या भाकरीचं पीठ कुणी आणलं, सावकाराला कुणी तोंड दिलं, हे कुठं सापडत नाही. मी शेतकरी माणूस. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण उधारी-उसनवारी कळते. म्हणून कलावंताचा हिशेब सांभाळणाऱ्या बाईवर मी लिहायचं ठरवलं. त्यातही आमच्या संगमनेरच्या कांताबाई सातारकरांवर.

कांताबाईंना लोक तमाशासम्राज्ञी म्हणत. जन्म १९३९ चा, गुजरातेत टिंबा नावाच्या गावी, दगडाच्या खाणीवर. आईबाप पोट भरायला तिकडं गेलेले. पुढं ते साताऱ्याकडं परत आले आणि पोर लहान वयातच मेळ्यात नाचायला-गायला लागली. मेळ्यातून तमाशात आणि तमाशातून मुंबईला. त्या काळी तमाशाला मुंबई म्हणजे लालबाग-परळ. गिरणीतला आपला घाटावरचा माणूस रात्री तिकीट काढून बसायचा. तिथं त्या तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या. तुकाराम खेडकर म्हणजे वगातलं मोठं नाव. बाईंनी त्यांच्याशी संसार केला आणि जोडी जमली. ‘रायगडची राणी’, ‘महारथी कर्ण’ असले वग त्या फडाचे. बाईंचं विशेष असं की त्या नुसत्या लावणीपुरत्या नव्हत्या. पुरुषाचं काम करायच्या. शिवाजीमहाराजांच्या वेशात त्या उभ्या राहिल्या की समोरची माणसं टोपी काढून हात जोडायची, असं आमच्या वडिलांच्या पिढीची माणसं सांगत.

१९६४ ला तुकाराम खेडकर गेले. बाई पंचविशीच्या. पदरात लहान लेकरं. नवरा गेल्यावर जुना फड त्यांच्या हाती राहिला नाही. काही वर्षं दुसऱ्याच्या फडात राबून दिवस काढले आणि १९६९ च्या सुमाराला कर्ज काढून स्वतःचा फड उभा केला. बोर्ड रंगवला तो असा: ‘तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर’.

आता या बोर्डाचा नीट विचार करा. ज्या माणसाला जाऊन पाच वर्षं झाली, त्याचं नाव पुढं. जी बाई कर्जाच्या कागदावर अंगठा-सही करते, माणसं गोळा करते, रोज रात्री तोंडाला रंग लावून उभी राहते, तिचं नाव ‘सह’च्या मागं. कुणी म्हणेल ही नवऱ्यावरची माया. असणारच. पण मला त्यात हिशेबही दिसतो. गावोगावच्या पंचांच्या तोंडी नाव होतं ते तुकाराम खेडकरांचं. दहा-पंधरा वर्षं रात्र-रात्र जागून त्या माणसानं जे नाव कमावलं, ती फडाची खरी इस्टेट होती. तंबू विकत मिळतो, पेटी-ढोलकी विकत मिळते, नाव मिळत नाही. वडील गेल्यावर आपणही आडतीवर त्यांचंच खातं चालू ठेवतो. कारण त्या नावाला उधार मिळतं. बाईंनी नवऱ्याच्या नावाचं खातं बंद पडू दिलं नाही. कलावंत मेला तरी त्याचं दुकान उघडं ठेवलं.

हे काम किती अवघड, हे कळायला फडाचा जमाखर्च बघावा लागतो. मी गावच्या जत्रेच्या पंचांत बरीच वर्षं होतो, म्हणून थोडाफार जवळून पाहिला.

आमचं गाव संगमनेर तालुक्याच्या पठारावर. जमीन मुरमाड, पाणी कमी, बाजरी आणि कांद्यावर जगणारं. चैत्रात भैरोबाची जत्रा. रात्री पालखी, मग तमाशा, सकाळी हजेरी आणि दुपारी कुस्त्या. जत्रेला तमाशा नसला तर सोयऱ्याधायऱ्यांत मान खाली जायची. त्यासाठी घरटी पट्टी गोळा करायची आणि सुपारी द्यायला आळेफाट्याच्या पुढं नारायणगावला जायचं. नारायणगाव पुणे जिल्ह्यात, पण आमच्या पठाराला जवळ. तिथं हंगामात सगळ्या फडांच्या राहुट्या पडतात. दारात फडाच्या नावाचा बोर्ड, आत टेबल-खुर्ची, तारखांची वही. पाडव्याला तर तिथं बैलबाजारासारखी गर्दी. एका तारखेला सात गावांच्या जत्रा आणि सातही गावांना तोच फड पाहिजे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका राहुटीत आम्ही पाच-सहा जण शिरलो. फडाचं नाव इथं सांगत नाही, फड काही फार मोठा नव्हता. टेबलाशी एक नऊवारीतली बाई बसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आमचे म्होरके म्हणाले, “बाई, मालकांना बोलवा. सुपारीचं बोलायचंय.”

बाई म्हणाली, “पाटील, मालक गाणं गातात. तारखा माझ्याकडं असतात. बसा.”

चहा आला. बाईनं सुपारीची रक्कम सांगितली नाही. आधी विचारलं, “औंदा पाऊस कसा झाला तुमच्याकडं? कांदा निघाला का? भाव काय लागला?” आमच्यातला एक जण खुशीत येऊन कांद्याच्या गोण्या सांगायला लागला. म्होरक्यांनी त्याच्या पायावर पाय दिला, पण तोपर्यंत बाईनं ओळखायचं ते ओळखलं होतं. रक्कम सांगितली ती आमच्या ऐपतीच्या बरोबर वरच्या काठावरची. अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी बाई थोडी खाली उतरली, पण अटी तिनं घातल्या. इसार आत्ता, बाकी खेळ उभा राहायच्या आधी. स्टेजला लाकडाच्या फळ्या चांगल्या, मोडक्या बैलगाड्या जोडलेल्या चालणार नाहीत. बायामाणसांना उतरायला शाळेची खोली, आणि तिला आतून कडी पाहिजे. दारू पिऊन कुणी स्टेजवर चढला तर खेळ तिथंच बंद आणि पैसे परत मिळणार नाहीत. हे सगळं कागदावर लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि मग सही.

बाहेर आल्यावर एक जण म्हणाला, “बाई लई कडक.” दुसरा म्हणाला, “कडक नसती तर आपण तिला उधारीवर नाचवली असती.” दुसऱ्याचं म्हणणं खरं होतं. आतल्या कडीची अट गाणाऱ्या मालकाला सुचली नसती. ती ज्याला माणसं सांभाळायची असतात त्यालाच सुचते.

आता खर्च पाहा. मोठ्या फडात माणूस ऐंशी, शंभर, कधी त्याहून जास्त. नाचणाऱ्या मुली, गाणारे, सोंगाड्या, ढोलकी, हलगी, पेटी. शिवाय तंबू ठोकणारे बिगारी, आचारी, ड्रायव्हर, तिकीटवाला, दारावरचा. ट्रक चार-पाच. त्यांचं डिझेल, टायर. आधी गॅसबत्त्या होत्या, नंतर जनरेटर आला. कपडेपट, दागिने, पडदे. पोलिसांचा परवाना, ग्रामपंचायतीची परवानगी, वगाची संहिता मंजूर करून घ्यायची. दसऱ्यानंतर मोठ्या गावांत कनात लावून तिकिटावर खेळ करायचे. तिथं कनात वर उचलून फुकट घुसणारे वेगळे. चैत्र-वैशाखात जत्रांच्या सुपाऱ्या. या सात महिन्यांत जे मिळेल त्यात बारा महिने काढायचे.

आणि सगळ्यात जड म्हणजे उचल. पावसाळ्यात फड बसलेला असतो, येणं शून्य. तेव्हाच कलावंताच्या घरी लग्न असतं, आजारपण असतं, घर गळत असतं. तो मालकाच्या दारात येतो. उचल दिली नाही तर दुसरा फडवाला त्याला पळवून नेतो. उचल दिली आणि तो माणूस दसऱ्याला आलाच नाही, तर पैसे बुडाले. ही उचल द्यायला मालक खासगी सावकाराकडून व्याजानं पैसे आणतो. म्हणजे बियाणं कर्जाचं, पेरा पावसाळ्यात, आणि पीक येणार चैत्रात. मधे कुठं अवकाळी आला, दंगा झाला, निवडणूक लागली, कुण्या पुढाऱ्याचं निधन झालं, तर त्या रात्रीचं पीक गेलं. ही शेतीच झाली. फरक एवढाच की शेतकऱ्याचं नुकसान बघायला तलाठी येतो तरी. फडाच्या नुकसानीचा पंचनामा होत नाही.

बाईंनी फड काढला १९६९ च्या सुमाराला आणि तीन वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आईबरोबर खडी फोडायला जायचो. सुकडी आणि मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढले. आमच्या भैरोबाला त्या वर्षी नुसता नारळ फुटला, तमाशा नव्हता. शेजारच्या गावांतही नव्हता. ज्या गावात माणसाला पाणी नाही, ते गाव सुपारी कुठून देणार? राहुटीतली ती बाई पाऊस आणि कांदा का विचारत होती, ते १९७२ आठवलं की कळतं. शेतकऱ्याच्या घरात चार दाणे आले तरच ढोलकीवर थाप पडते. कर्जाच्या भांडवलावर काढलेला नवा फड त्या दिवसांतून पार पडला, ही माझ्या मते कुठल्याही वगापेक्षा मोठी कामगिरी आहे. तिला टाळ्या मिळाल्या नाहीत एवढंच.

पार पडला आणि वाढलाही. ‘गवळ्याची रंभा’, ‘पाच तोफांची सलामी’, ‘असे पुढारी आमचे वैरी’, असे वग गाजले. लेकरं फडातच वाढली, रंगमंचावर आली. मुलगा रघुवीर मोठा सोंगाड्या झाला. मग बोर्ड बदलला: ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. पुढचं नाव नवऱ्याचं गेलं आणि मुलाचं आलं. बाईंची जागा मात्र तीच राहिली, ‘सह’च्या मागची. दोन पिढ्यांचा भार त्या एका बारक्या शब्दानं वाहिला.

हे फक्त तमाशात घडतं असं नाही. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. त्यांनी १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा काढला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई किती जणांना माहीत आहेत? फाळके विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले तेव्हा घरात पैसा नव्हता. आधीच विम्याच्या पॉलिशा गहाण पडलेल्या. भांडवलवाल्याला पटवायला फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या कोंबाची वाढ रोज थोडी-थोडी टिपून त्याचा छोटा सिनेमा केला. वाटाण्याचा वेल डोळ्यासमोर सरसर वाढताना बघून पैसेवाल्याला विश्वास बसला. आम्ही शेतकरी तो कोंब रोज बघतो, पण त्यावर आम्हाला कुणी कर्ज दिलं नाही, हा भाग वेगळा.

तरी पैसा पुरला नाही आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ते द्यायला त्या स्वतः पुढं झाल्या. त्या काळी कच्ची फिल्म यायची तिला कडेची भोकं नसायची. ती अंधारात बसून एकेक पाडावी लागत. ते काम बाई रात्री करायच्या. दिवसा सगळ्या कंपनीचा स्वयंपाक, कपडे धुणं, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी त्यांनाच विचारलं, पण त्या नाही म्हणाल्या, असं सांगतात. त्या उभ्या राहिल्या असत्या तर मागचं सगळं कुणी केलं असतं? शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवून तारामती केली. सिनेमात तारामती आहे, सरस्वतीबाई नाहीत. पण सिनेमाच्या एकेका भोकात त्यांची बोटं आहेत.

शहरातल्या शिकलेल्या घरातही तेच. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ आम्ही टेपवर किती वेळा ऐकली त्याला मोजदाद नाही. ज्वारी काढताना खळ्यावर टेप लावायची आणि हसून हसून कणसं हातातून पडायची. त्या माणसाचे व्यवहार सुनीताबाई बघायच्या. ‘बटाट्याची चाळ’चे प्रयोग सुरू झाले तेव्हा तारखा, थिएटर, पैसे, आवाज-उजेड, सगळीकडं त्यांचं लक्ष. प्रयोग वेळेवर म्हणजे वेळेवर. पुलंचं काही करायचं तर परवानगी घ्यावी लागे, आणि ती सुनीताबाईंकडून मिळवणं सोपं नव्हतं. लोक त्यांनाही कडकच म्हणाले. पण त्याच कडकपणातून पैसा उरला, आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान काढून नवरा-बायकोनं तो समाजाच्या कामाला दिला. खिरापत वाटायची तर आधी ती कुणीतरी डब्यात झाकून ठेवावी लागते.

तिन्ही बायकांमध्ये फरक मोठा. एक खाणीवर जन्मलेली, दुसरी दागिने काढून देणारी गृहिणी, तिसरी शिकलेली लेखिका. पण तिघींच्या वाट्याला आलेलं काम एक. नवऱ्यानं मन मोकळं सोडून गावं, लिहावं, नवीन काढावं, म्हणून नको त्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं काम यांनी अंगावर घेतलं. कलावंत सगळ्यांना आवडतो, कारण त्याला ‘नाही’ म्हणावं लागत नाही. त्याच्या वाटचं ‘नाही’ घरातली बाई म्हणते आणि वाईटपणा घेते.

आणि जिथं असा हात नव्हता तिथं काय झालं, तेही पाहावं. आमच्याच तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची पवळा. तिच्या आणि पठ्ठे बापूरावांच्या तमाशानं मुंबई-पुणं वेडं केलं. बापूराव मूळचे साताऱ्याकडचे कुलकर्णी. घरदार, जात सोडून तमाशात आलेले. लावण्या किती रचल्या त्याला हिशेब नाही, आणि पैशालाही हिशेब नव्हता. पवळाची आणि त्यांची वाट पुढं वेगळी झाली. अखेरचे दिवस बापूरावांनी पुण्यात हलाखीत काढले. १९४५ ला ते गेले. नारायणगावच्या विठाबाई तर राष्ट्रपतींच्या हातून मान घेतलेल्या. २००२ ला त्या गेल्या तेव्हा त्यांच्याही घरी ओढगस्तच होती. यात त्यांचा दोष काढण्यासारखं काही नाही. ज्या कलावंताला रात्री गायचं, पहाटे प्रवास करायचा आणि दुपारी सावकाराला भेटायचं, त्यातलं एक काहीतरी हातातून निसटणारच. नवल निसटण्याचं नाही. कांताबाईंच्या हातातून ते पन्नास वर्षं निसटलं नाही, याचं आहे. सरकारनं विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि त्याचा पहिला मान कांताबाईंना मिळाला. एकीच्या नावाचा पुरस्कार दुसरीच्या हातात जाताना या दोघींच्या आयुष्याचा ताळा आपोआप मांडला गेला, असं मला वाटतं.

पुढं दिवस बदलले. टीव्ही आला, मग मोबाइल. जत्रेत पोरं वग नको म्हणायला लागली, सिनेमाची गाणी पाहिजेत म्हणाली. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, आणि तमाशाचा वग तर रंगतो मध्यरात्रीनंतर. २०१६ ला नोटा बंद झाल्या त्या ऐन हंगामाच्या तोंडावर. तिकिटाचा आणि सुपारीचा सगळा धंदा रोखीचा, तो गारठला. तरी फड हलत-डुलत चालले. मग २०२० ला कोरोना आला. चैत्रातल्या जत्रा बंद. पुढच्या चैत्रातही बंद. दोन हंगाम गेले. म्हणजे दोन वर्षं उचल दिलेली अंगावर आणि सुपारी एक नाही. गावाकडच्या कलावंतांनी मोलमजुरी केली, भाजी विकली. ट्रक उभ्या जागी गंजले. त्याच दुसऱ्या लाटेत, २५ मे २०२१ ला, कांताबाई संगमनेरला गेल्या. वय ८२. एरवी ज्या बाईच्या मागं चार तालुक्यांची माणसं लोटली असती, ती त्या दिवसांत शांतपणे गेली. त्या दिवसांत सगळ्यांचंच तसं होत होतं.

त्यांचं चरित्र संगमनेरातच लिहिलं गेलं आहे, मुलगा फड चालवतो, म्हणजे नाव राहील. पण ज्या शेकडो फडमालकिणींच्या वह्या उंदरांनी खाल्ल्या, त्यांचं काय? माझी तर म्हातारपणी एवढीच मागणी आहे की, तमाशाचा इतिहास लिहिणाऱ्यानं जुन्या पोस्टरांबरोबर त्या वह्याही शोधाव्यात. उचल कुणाला किती दिली, कुणाच्या बाळंतपणाला किती पैसे गेले, कुठल्या गावानं बाकी बुडवली, सगळं त्यात सापडेल. आमच्या गावाचं नाव निघालं तरी चालेल.

हे वाचून कुणाला वाटेल, कलावंतांच्या घरातली गोष्ट आहे, आपला काय संबंध. आपल्या घरातली वही कोण ठेवतं ते आठवा. आमच्याकडं डेअरीला दूध घालायला मी जातो, पण किती लिटर, किती फॅट, पेंडेचे किती कापले, हे तोंडपाठ असतं ते घरातल्या बाईला. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. ती भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढायची, आणि दूधवाला कितीही हुशार असला तरी त्याला त्या रेघा खोट्या पाडता आल्या नाहीत. डेअरीचं कार्ड मात्र वडिलांच्या नावाचं होतं.

१९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. बायका लाखांनी आल्या होत्या. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, की शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला हिस्सा राजीखुशीनं बायकोच्या नावावर करावा. भाषण ऐकताना सगळ्यांनी हात वर केले. तलाठ्याकडं गेलेले त्या मानानं थोडे. आमच्या गावातही मोजकेच. सातबाऱ्यावर दुसरं नाव चढवायचं म्हटलं की चांगल्या चांगल्या माणसाचा हात थरथरतो.

तमाशाला आपण नावं ठेवतो, तमाशातल्या बाईला तर जास्तच. पण त्या लोकांनी निदान ट्रकच्या वर, दहा फूट लांबीच्या बोर्डावर, चार जिल्ह्यांना दिसेल अशा अक्षरांत ‘सह’ लिहिलं आणि त्याच्या पुढं बाईचं नाव घातलं. आपल्या सातबाऱ्यावर ते एका ओळीत मावतं. तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, फेरफार नोंदवायचा, एवढंच काम आहे.